लाल न ओळखणारा कागद

खटपटीला स्वतःबद्दल शंका क्वचितच यायची, आणि आली तरी हातातला चहा संपेपर्यंत ती टिकत नसे. तिला खऱ्या नावाने हाक मारणारं घरात कोणी उरलं नव्हतं. लहानपणी तिने आधी भिंतीवरचं घड्याळ उघडलं, मग शेजाऱ्यांचा रेडिओ, मग शिंपीणकाकूंचं शिवणयंत्र. आई म्हणाली, ही पोर खटपटी आहे. ते नाव जे चिकटलं ते चाळिशी उलटली तरी निघालं नाही. तिनेही ते काढायचा प्रयत्न केला नाही. स्वभावाला शोभेल असं नाव मिळायला नशीब लागतं, असं ती म्हणायची.

तिचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत पांढरा पडदा, स्टूल आणि डिजिटल कॅमेरा. तिथे ओळखपत्रांचे फोटो निघत आणि त्यावर घर चाले. तिचा जीव मात्र मागच्या डार्करूममध्ये आणि कोपऱ्यातल्या लाकडी कॅमेऱ्यात अडकलेला. जुन्या मालकाने स्टुडिओबरोबर तो तिच्या हवाली केला होता, पितळी लेन्स आणि मागच्या काळ्या कापडासकट. त्याला तळहाताहून मोठी फिल्म लागायची. ती बनवणारा कारखाना बंद पडला, उरलेसुरले डबे संपले, आणि सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला की आता हा कॅमेरा पुसूनबिसून दर्शनी खिडकीत ठेव, शोभा येईल. हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फिल्म काही झाडाला लागत नाही, ती म्हणाली, माणसंच करतात. आणि मीही माणूसच आहे.

बोलायला काय जातं. पण ती नुसती बोलून थांबणाऱ्यांतली नव्हती.

फिल्म म्हणजे तशी साधी वस्तू. आरपार दिसणारा एक पापुद्रा आणि त्यावर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा लेप. जिथे उजेड पडेल तिथे हा लेप डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर काळा पडतो, जिथे पडणार नाही तिथे कोरा राहतो, आणि मिळते ती निगेटिव्ह. लेप घरी करता येतो, पापुद्रा नाही. म्हणून तिने पापुद्र्याच्या जागी कागद घ्यायचं ठरवलं. स्टेशनरीच्या दुकानात, मागच्या फळीवर, टायपिंगच्या नकलांसाठी वापरायचा तो जुना पातळ कागद तिला सापडला. फोटो निघाल्यावर या कागदाला मागून मेण घासायचं आणि वरून इस्त्री फिरवायची, की तो तेल लागलेल्या पुडीसारखा उजेड पार जाऊ देतो. मग त्याच्याखाली प्रिंटचा कागद ठेवून उजेड दिला की झालं काम. प्रिंटचा कागद अजून बाजारात मिळत होता, तेवढी देवाची दया.

पहिला लेप ट्रेमध्ये दुधावरच्या सायीसारखा सुटून तरंगायला लागला. दुसऱ्यात बुडबुडे आले आणि फोटोतल्या शेजाऱ्याला कांजिण्या झाल्या. तिसऱ्या खेपेला तिने वाळवताना पंखा लावला, तर कागदावर खोलीतली सगळी धूळ येऊन बसली. चौथ्यांदा दाराच्या फटीतून उजेड शिरला आणि सगळे कागद एकजात काळेठिक्कर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे तर नवरीच अजून जन्मली नव्हती. चांदीच्या क्षाराने खटपटीची बोटं तपकिरी-काळी झाली, आणि भाजीवाला सुट्टे पैसे तिच्या हातात न देता टोपलीच्या काठावर ठेवू लागला. ती त्याच्याकडे बघून हसायची आणि घरी येऊन पुन्हा जिलेटिन भिजत घालायची.

या सगळ्याला एक प्रेक्षक होता, तो म्हणजे तिची आई. आई याच स्टुडिओत जुन्या मालकाच्या हाताखाली रिटचिंग करत म्हातारी झाली. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा आणि ठिपके भरायचे. पेन्सिल लागते तिथून उजेड कमी जातो आणि प्रिंटमध्ये ती जागा उजळते. सुरकुती, तीळ, मुरूम, डोळ्याखालचं काळं, कशाचीही आईच्या पेन्सिलीपुढे डाळ शिजत नसे. लोक म्हणत, या बाईने हात लावला की माणूस दहा वर्षांनी लहान होऊन भिंतीवर जातो. आईला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायची पद्धत तिच्याकडे नव्हती. निवृत्त झाली तरी रोज चहा झाला की ती स्टुडिओत येऊन पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसे आणि लेकीच्या उद्योगांवर शेरे मारी. खटपटी म्हणायची, आई, तू नुसती बघ. आई म्हणायची, बघतेच आहे, दुसरं काय करतेय.

शेवटी तो दिवस उजाडला. कागदावर समोरच्या घराची खिडकी आली, खिडकीचे गज आले, गजांवर वाळत घातलेला टॉवेल आला. प्रिंटमध्ये कागदाचे तंतू बारीक कणीसारखे उमटले होते आणि त्यामुळे सगळं दृश्य कोणीतरी हाताने काढल्यासारखं वाटत होतं. खटपटी खोलीतल्या खोलीत नाचली. आईने प्रिंट डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली की खिडकीतल्या कुंड्या लाल आहेत, त्या काळ्या आल्यात. खटपटी म्हणाली, येऊ देत, कुंड्यांची काही तक्रार नाही. आईने ओठ मुडपले आणि चष्मा काढून ठेवला.

यानंतर आठवडा गेला असेल नसेल, मावशी आली.

मावशी ही आईची पाठची बहीण. एका मोठ्या इस्पितळात ती मेट्रन होती. परिचारिकाच काय, मोठे डॉक्टरसुद्धा तिला पाहून चालण्याचा वेग वाढवत. तिच्या डाव्या गालावर जन्मखूण होती, डोळ्याच्या खालून निघून हनुवटीच्या हाडापर्यंत उतरणारी, जांभळट लाल. खटपटीने ती जन्मल्यापासून पाहिली होती, म्हणून तिला ती दिसतच नसे. मावशीला दोन डोळे आहेत हे जसं कोणी लक्षात ठेवत नाही, तसंच ते.

आई आणि मावशी एकमेकींशी बोलत नसत. म्हणजे भांडण वगैरे नाही. एका खोलीत बसत, एकाच किटलीतला चहा घेत, पण बोलायचं ते तिसऱ्या माणसाकडून. मावशी म्हणायची, तुझ्या आईला सांग की गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात. आई तिथेच बसलेली असायची. ती म्हणायची, तिला सांग, मला माहीत आहे. खटपटी लहान असताना दोघींचे निरोप खरोखर इकडून तिकडे पोहोचवायची. मोठी झाल्यावर तिने ते काम सोडलं, पण त्यांनी पद्धत सोडली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मावशी नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसली तेव्हा ओळखपत्राला फोटो लागला. तो याच स्टुडिओत, याच लाकडी कॅमेऱ्याने निघाला आणि निगेटिव्ह आईच्या टेबलावर गेली. आईने गालावरची खूण साफ काढून टाकली, नितळ, एकही डाग नाही असा गाल. परीक्षेच्या हॉलच्या दारात तपासनिसाने फोटो पाहिला, मावशीचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, ही तू नव्हेस. मावशीने सांगून पाहिलं. त्याने रुमाल ओला करून, सगळ्या मुलींसमोर, तिचा गाल घासून पाहिला, की हा रंग लावलेला तर नाही. लावलेला नव्हता. तरी त्याने तिला आत सोडलं नाही, कारण कागद हा माणसापेक्षा मोठा असतो. तिचं वर्ष गेलं. वर्ष पुढच्या खेपेला भरून निघालं. पण त्या दिवशी घरी येऊन तिने आईला विचारलं की असं का केलंस, आणि आई म्हणाली, सगळ्यांचंच करते, तुझं का नको करू, चांगलंच दिसत होतं. त्यानंतर मावशीने आईला दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि फोटोही कधी काढून घेतला नाही.

आता मावशी निवृत्त होत होती. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात आजवरच्या सगळ्या मेट्रनचे फोटो ओळीने टांगलेले होते, आणि तिच्यासाठी शेवटचा खिळा ठोकून झाला होता. कार्यालयातल्या एका हौशी मुलीने मोबाइलवर तिचा फोटो काढला. मोबाइलने न सांगता, स्वतःच्या अकलेने, तिचा गाल धुऊन पुसून पांढरा केला. मुलगी कौतुकाने म्हणाली, बघा मॅडम, डाग गेला सुद्धा.

मावशी तशीच उठून भाचीकडे आली. खुर्चीत आई बसली होती, तिच्याकडे तिने पाहिलं नाही.

"तू म्हणे फिल्म घरी बनवतेस," ती खटपटीला म्हणाली. "मला एक सांग. तिच्यात काही पुसलं जातं का?"

"माझा कागद फक्त समोर असेल ते दाखवतो," खटपटी म्हणाली. "एक रेघ कमी नाही, एक रेघ जास्त नाही. मी शब्द देते."

आई खुर्चीत हलली आणि काहीतरी बोलणार होती. खटपटीने हात वर करून तिला थांबवलं, कारण तिला वाटलं आई पेन्सिलीचा विषय काढणार. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशी खटपटीची एरवी ख्याती नव्हती. पण यश अंगात आलं की माणसाला पुढचं दिसत नाही. आई गप्प बसली. ती चिडली की गप्प बसे, आणि तिचं गप्प बसणं बोलण्याहून महाग पडे, हे लेकीला ठाऊक असायला हवं होतं.

खटपटीने तीन दिवस खपून नवा लेप केला, आजवरचा सगळ्यात एकसारखा. मावशी पांढऱ्या गणवेशात येऊन स्टुलावर बसली. हा कागद फार मंद, त्याला भरपूर उजेड लागतो आणि तेवढा वेळ समोरच्याने हलून चालत नाही. खटपटीने खिडकीचे पडदे बाजूला केले, डोक्यामागे आधार लावला आणि सांगितलं की मी लेन्सचं झाकण परत लावेपर्यंत श्वाससुद्धा अदबीने घ्यायचा. मावशी म्हणाली, तू काळजी करू नकोस, मी रात्रपाळ्या उभ्याने काढल्या आहेत. आणि ती अशी बसली की स्टूल हललं असतं पण ती हलली नसती. खटपटीने मोठ्याने आकडे मोजत झाकण काढलं आणि लावलं. तिची छाती आनंदाने भरून आली होती. इतक्या वर्षांनी मावशी कॅमेऱ्यासमोर बसली होती, आणि बसली होती ती आपल्या हातच्या कागदासाठी.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली तिने कागद धुतला, वाळवला, आणि मेण लावायच्या आधी नुसता अंदाज घ्यावा म्हणून तसाच एक प्रिंट काढला. ट्रेमध्ये आधी टोपी आली, मग भुवया, मग मावशीचे ते करारी डोळे, असे की बघणाऱ्याने आपोआप ताठ उभं राहावं. आणि मग डावा गाल आला, काळा, शाई ओतल्यासारखा. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत कोणी डांबर फासावं तसा.

खटपटी ट्रेवर वाकून उभी राहिली. तिला सगळं कळलं, आणि हेही कळलं की ते आधी कळायला हवं होतं. या कागदाला लाल दिसत नाही. म्हणून तर लाल दिव्याखाली तो खराब होत नाही, म्हणून तर ती महिनोन् महिने लाल दिवा लावून त्याच्यावर काम करत होती. जे लाल ते त्याच्या लेखी अंधार. कुंड्या काळ्या आल्या ते याचमुळे. सगळं तिच्या तोंडपाठ होतं. फक्त मावशीच्या गालाला रंग आहे, आणि तो लाल आहे, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. इतक्या जवळच्या माणसाच्या तोंडाचा रंग कोण बघतो?

लपवण्यात अर्थ नव्हता. तिने प्रिंट धुतला, काचेवर पसरला आणि पुढच्या खोलीत नेऊन मावशीच्या हातात दिला. समजावून सांगायला तोंड उघडलं, पण मावशी आधीच बघत होती. बराच वेळ बघत होती. इस्पितळात काय काय पाहिलेली बाई ती, तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही. फक्त काच धरलेला अंगठा पांढरा पडला.

"एकीने पुसलं," ती म्हणाली. "मग त्या मोबाइलने पुसलं. आणि तू काळं फासलंस. मी म्हणजे आहे तरी कशी, हे कोणाला दिसतच नाही का?"

खटपटीने घाईघाईने सांगितलं की चूक कागदाची आहे, नव्हे, माझी आहे, आपण पुढच्या खोलीतल्या कॅमेऱ्यावर काढू, त्यात लाल नीट येतं, मी त्याला हात लावणार नाही. मावशीने काच टेबलावर ठेवली आणि पर्स उचलली. नको, ती म्हणाली. व्हरांड्यात खिळा आहे, तो तसाच राहू दे. फोटोवाचून काही कोणाचं अडत नाही.

खटपटीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण हे सगळं केलंच नसतं तर बरं झालं असतं. ही बाई जन्मात पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसणार नाही, आणि ते आपल्यामुळे. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात आई खुर्चीतून उठली. तिने काच उचलली, उजेडात धरली, आणि खटपटीकडे न बघता, कोणाकडूनही निरोप न पाठवता, म्हणाली, "धाकटे, थांब. मला तेव्हा हेच मिळालं होतं."

मावशी दारात थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण पाऊलही पुढे टाकलं नाही.

आई सांगू लागली, आणि तिचा आवाज एरवीइतकाच ठसठशीत होता. जुन्या मालकाची फिल्म अशीच होती, लाल न बघणारी. गोऱ्या बाईचे वांग काळे यायचे, लाजलेल्या मुलीचे गाल काळे यायचे. रिटचरला पहिल्या दिवशी हेच शिकवत, की काळं दिसेल ते खरं नाही, त्याला खाली आण. तुझी निगेटिव्ह माझ्या टेबलावर आली तेव्हा मी तुझा असाच अर्धा काळा चेहरा पाहिला. हे ओळखपत्रावर लावून तू परीक्षेला जाणार होतीस. मी काळं काढायला बसले.

"मग काढायचं होतं तेवढंच," मावशी दाराकडे तोंड करूनच म्हणाली.

"तेवढंच काढायला बसले होते," आई म्हणाली. "हात थांबला नाही. चुकलं माझं. तू विचारलं असतंस की 'सगळं का काढलंस', तर सांगितलं असतं. तू विचारलंस 'असं का केलंस', तेव्हा मला राग आला, कारण मी तुझं भलं केलं अशीच माझी समजूत होती. ती समजूत मी पुढे सोडली नाही. सोडली असती तर माझा सगळा धंदाच खोटा ठरला असता."

 आईच्या तोंडून 'चुकलं माझं' हे शब्द खटपटीने कधी ऐकले नव्हते. घासाघीस करतानाही आई एवढं उतरत नसे.

मावशी दारातून वळली. मग ती परत आली, पर्स टेबलावर ठेवली आणि काच पुन्हा हातात घेतली. या वेळी तिने स्वतःचा गाल नाही, सगळा फोटो पाहिला. टोपी, भुवया, डोळे, गळ्याशी लावलेला बिल्ला.

"डोळे चांगले आलेत," ती खटपटीला म्हणाली.

"कागद चांगला आहे," खटपटीच्या आधी आईच म्हणाली. "याच्या निगेटिव्हवर मी मागून पेन्सिल लावते. मेण लावलं नाहीयेस ना अजून? लावू नकोस, मेणावर शिसं धरत नाही." आणि तिने लेकीला हुकूम सोडला की निगेटिव्ह आण, टेबल खिडकीखाली घे, काच खालून उजेड येईल अशी उभी कर, आणि पेन्सिलीला टाचणीसारखं टोक कर, बोथट चालणार नाही. खटपटी पळाली. आपल्या स्टुडिओत आपल्यालाच कोणी कामाला लावतंय याचं तिला इतकं सुख आजवर झालं नव्हतं.

आई कामाला बसली आणि तिने समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मावशी बसली. आईने निगेटिव्हच्या पाठीवर पहिले ठिपके ठेवले. हाताला वयाचा कंप होता, पण पेन्सिल कागदाला टेकली की तो जात असे. थोडं भरून झालं की खटपटीने प्रिंट काढायचा, धुऊन आणायचा, मग दोघी बहिणी बघायच्या, मग पुन्हा पेन्सिल. पहिला प्रिंट अजून काळाच होता. दुसऱ्यात गाल सावलीत असल्यासारखा दिसू लागला. खटपटीचं डार्करूमचं दार उघडत मिटत राहिलं. प्रत्येक खेपेला बाहेर आल्यावर तिला एकच गोष्ट दिसे, की दोघी समोरासमोर बसल्या आहेत आणि आई पेन्सिल उचलायच्या आधी मावशीकडे नीट, डोळे बारीक करून बघते आहे.

मग एका खेपेला प्रिंट आला आणि त्यात खूण जवळपास नव्हतीच. होती, पण धुरासारखी. गाल सुंदर दिसत होता. इतकी वर्षं केलेलं काम होतं ते, हात जुन्याच वाटेने गेला होता आणि आईला ते कळलंही नव्हतं.

मावशीने प्रिंट पाहिला आणि हात पर्सकडे गेला. "पुसलंस," ती म्हणाली. एवढंच.

आईने प्रिंट पाहिला. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. खटपटीला वाटलं, आता संपलं, आता आई म्हणेल चांगलंच तर दिसतंय. पण आईने खोडरबर मागितलं. तिने आयुष्यभर पेन्सिलीने लोकांचे डाग काढले होते, पण आपण काढलेला डाग परत आणण्यासाठी खोडरबर हातात धरायची तिच्यावर वेळ आली नव्हती. तिने कागद हलकेच खोडायला सुरुवात केली. भरलेलं शिसं निघू लागलं. मग ती मधेच थांबली.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "माझा हात खोटं बोलतो, आता डोळ्यांवरही भरवसा नाही. मी तुझा गाल कधी नीट पाहिलाच नाही गं. काढायचा काय, एवढंच पाहिलं. तू सांग, कुठपर्यंत ठेवू?"

"आहे तिथपर्यंत."

"आहे कुठपर्यंत?"

मावशीने पर्सवरचा हात उचलला. तिने टेबलावरून आईचा हात धरला, त्यातलं खोडरबर काढून बाजूला ठेवलं, आणि आईचं बोट आपल्या डोळ्याच्या कडेला टेकवलं. तिथून तिने ते बोट खूण जाते तसं सावकाश खाली नेलं, गालाच्या हाडावरून, नाकाशी जरा आत वळून, ओठाच्या कोपऱ्यापाशी निमुळतं होत, हनुवटीच्या हाडापर्यंत. सबंध काठ तिने तसा फिरवून घेतला. आईचं बोट लहान मुलाला अक्षर गिरवायला लावावं तसं तिच्या हातात होतं, आणि आई कसलीही घाई न करता गिरवत होती. एका जागी, जबड्यापाशी, त्या काठाला एक छोटी खाच होती, करंगळीच्या नखाएवढी; तिथे आईचं बोट आपणहून आत वळलं.

"ही खाच मला माहीत नव्हती," आई म्हणाली.

"मलाही नव्हती," मावशी म्हणाली. "मला ती बाजू आरशात नीट दिसत नाही. ताई, ती खाच राहू दे."

आईने पेन्सिल घेतली. खटपटी डार्करूमच्या दारात ट्रे धुऊन तयार उभी होती, आणि तिला आत पाठवण्याची कोणालाच घाई नव्हती.